ध्वनिसंचासाठी घरातील वायरिंग बदलताना नेमके काय बदलावे?

प्रश्न : खर्ज_पंचम, ठाणे

नमस्कार.

आमची सदनिका १९८६ साली बांधलेल्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर आहे. दिवाळीनंतर फरशीचे आणि रंगाचे काम काढायचे ठरले असून, भिंतींना हात लागणारच आहे तर दिवाणखान्यातील वायरिंगही त्याच वेळी बदलून घ्यावे, असा विचार आहे. मूळ वायरिंग अॅल्युमिनियमच्या तारेचे आहे. मधल्या काळात काही बोर्ड तांब्याच्या तारेने बदलले गेले, परंतु कोणते आणि कोणी बदलले याची घरात आता कोणालाच आठवण नाही.

माझ्याकडे वाहिनीमागे ८० वॅटचा अॅम्प्लिफायर, टर्नटेबल, दोन स्पीकर आणि स्वतःचा अॅम्प्लिफायर असलेला एक सबवूफर (केवळ खर्जाचे स्वर वाजवणारा स्पीकर) आहे. अॅम्प्लिफायर आणि टीव्ही एका भिंतीवरील बोर्डावर आहेत, तर सबवूफर सोफ्यामागच्या दुसऱ्या बोर्डावर आहे. अॅम्प्लिफायर आणि सबवूफर या दोन्हींचे प्लग तीन पिनांचे आहेत. वडिलांनी जमवलेल्या शास्त्रीय गायनाच्या सुमारे दीडशे रेकॉर्ड, त्यांतील बहुतेक कोलकात्याच्या दमदम कारखान्यात छापलेल्या एचएमव्हीच्या, मी आता एकेक करून स्वच्छ करून ऐकतो आहे. तानपुरा सुरू झाल्यापासून गायक पहिला षड्ज लावेपर्यंतचे जे काही क्षण असतात ते मला सर्वांत प्रिय आहेत आणि नेमके तेच क्षण स्पीकरमधून येणाऱ्या सततच्या हमिंगमुळे गढूळ होतात. हे हमिंग तानपुऱ्याच्या पंचमाच्या तारेला जणू धक्के देत राहते. फ्रिज सुरू झाला की ते वाढते आणि बंद झाला की थोडे उतरते, ही गोष्ट घरातल्या सर्वांच्या लक्षात आली आहे.

ध्वनिसंच विकणाऱ्या एका दुकानाने मला असे सुचवले आहे की मीटरपासून थेट ६ चौरस मिलिमीटरची स्वतंत्र लाइन ओढावी, इमारतीच्या आवारात केवळ या संचासाठी अर्थिंगचा वेगळा खड्डा घ्यावा आणि आयात केलेली सॉकेट बसवावीत. त्यांचा अंदाज सत्तर हजारांच्या पुढे जातो. खर्च करण्यास माझी ना नाही, कारण भिंत पुन्हा फोडायची नाही, परंतु यांतले कोणते काम हमिंग घालवण्यासाठी खरोखर आवश्यक आहे आणि कोणते नाही, हे जाणकारांकडून समजून घेतल्याशिवाय पुढे जाण्याची इच्छा नाही.

उत्तर १ : विद्युतमित्र, नाशिक

आपण प्रश्नातच एक मोलाची खूण देऊन ठेवली आहे, ती म्हणजे फ्रिज. तिच्याकडे मी नंतर येतो, आधी तारेच्या जाडीचा विषय संपवू.

तांब्याच्या लवचिक तारेचा रोध दर किलोमीटरला अडीच चौरस मिलिमीटरसाठी ७.९८ ओहम, चारसाठी ४.९५ ओहम आणि सहासाठी ३.३० ओहम असतो. डीबीपासून, म्हणजे घरातील मुख्य वितरण पेटीपासून, आपला बोर्ड १५ मीटर दूर आहे असे धरले, तर जाऊन-येऊन ३० मीटर तार होते आणि तिचा रोध अनुक्रमे सुमारे ०.२४, ०.१५ आणि ०.१० ओहम येतो. आपला संपूर्ण संच जोरात वाजत असताना २ अँपिअर, म्हणजे ४६० वॅट घेतो असे मानू. प्रत्यक्षात घरगुती आवाजात तो याच्या निम्मेही घेणार नाही. तरीसुद्धा अडीचच्या तारेत ०.४८ व्होल्टची घट होईल आणि सहाच्या तारेत ०.२० व्होल्टची. सत्तर हजारांच्या कामातील या भागातून हाती पडणारा फरक २३० व्होल्टमध्ये पाव व्होल्टच्या किंचित वर आहे, आणि आपल्याकडचा पुरवठा सकाळपासून रात्रीपर्यंत त्याच्या कितीतरी पट वरखाली होत असतो. अॅम्प्लिफायरमधील रेक्टिफायर, म्हणजे एसी प्रवाहाचा डीसी करणारा भाग, सलग प्रवाह न घेता लहरीच्या माथ्यावर झटक्याने घेतो, त्यामुळे क्षणिक घट या सरासरीहून अधिक असते हे मान्य. पण तेवढ्याने चित्र पालटत नाही.

मग जाड तारेचा आग्रह आला कुठून? माझ्या मते तो बराचसा अमेरिका आणि जपानमधून आला. अमेरिकेत घरात १२० व्होल्ट असतात आणि जपानमध्ये १००. तेवढ्याच वॅटसाठी १२० व्होल्टवर प्रवाह जवळजवळ दुप्पट लागतो, आणि व्होल्टेज निम्मे असल्यामुळे त्याच तारेतील टक्केवारीतली घट सुमारे पावणेचार पट होते. जपानमध्ये ती पाच पटींहून अधिक होते. तिथल्या श्रोत्याने जाड तारेची स्वतंत्र लाइन घेतली तर त्यात काही अर्थ आहे. तोच सल्ला २३० व्होल्टच्या घरात जसाच्या तसा उतरवला की खर्च तेवढा राहतो आणि लाभ विरून जातो.

आता फ्रिज. हमिंग जर केवळ अॅम्प्लिफायरच्या आतल्या दोषामुळे असते, तर फ्रिजच्या चालू-बंद होण्याशी त्याचा संबंध राहिला नसता. फ्रिजबरोबर ते वाढते याचा अर्थ फ्रिजचा प्रवाह ज्या तारेतून परत जातो, त्या तारेवर पडणारे व्होल्टेज कोणत्या तरी वाटेने आपल्या ध्वनिमार्गात शिरते आहे. परतीची तार म्हणजे न्यूट्रल. न्यूट्रलचा ध्वनिमार्गाशी थेट संबंध असता कामा नये, कारण अॅम्प्लिफायरची धातूची पेटी अर्थिंगला जोडलेली असते, न्यूट्रलला नव्हे. म्हणून माझा दाट संशय असा आहे की आपल्या दिवाणखान्यातील बोर्डात अर्थिंगच्या पिनेला खरी अर्थिंगची तार पोहोचतच नाही आणि कोणी तरी न्यूट्रलवरून एक तुकडा ओढून त्या पिनेला जोडून ठेवला आहे. जुन्या इमारतींत हा प्रकार मी इतक्या वेळा पाहिला आहे की तो अपवाद म्हणवत नाही.

असे असेल तर काय घडते ते पाहा. अॅम्प्लिफायरची पेटी न्यूट्रलच्या पातळीवर बसते आणि सबवूफरची पेटी दुसऱ्या बोर्डातील खऱ्या अर्थिंगच्या पातळीवर. या दोन पेट्या सिग्नलच्या केबलच्या बाहेरील जाळीने एकमेकींना जोडल्या आहेत. फ्रिजचा प्रवाह जुन्या अॅल्युमिनियमच्या तारेतून आणि ढिल्या जोडांतून जाताना न्यूट्रलवर जे काही शंभर-दोनशे मिलिव्होल्ट पडतात ते या जाळीच्या दोन टोकांमध्ये येतात, तिच्यातून प्रवाह वाहतो आणि सबवूफर तो संगीत समजून वाढवतो. सिग्नलची पातळीच जिथे व्होल्टच्या आतबाहेर असते, तिथे काही मिलिव्होल्टची भेसळसुद्धा कानाला कळते.

परीक्षा सोपी आहे, पण ती परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावी. त्याच बोर्डावर हजार वॅटची इस्त्री लावावी आणि न्यूट्रल व अर्थिंग या दोन पिनांमधील व्होल्टेज मोजावे. निरोगी वायरिंगमध्ये इस्त्री सुरू असताना तिथे अर्धा-एक व्होल्ट तरी दिसायलाच हवा, कारण न्यूट्रलमधून चार अँपिअरहून अधिक प्रवाह जात असतो आणि अर्थिंगमधून काहीही जात नसते. इस्त्री लावूनही मीटर नेमके शून्य दाखवत असेल, तर दोन्ही पिना बोर्डातच एकमेकींना जोडलेल्या आहेत असे समजावे. ही गोष्ट आवाजापुरती नाही. तो न्यूट्रल मागे कुठे तुटला, तर आपल्या अॅम्प्लिफायरच्या पेटीवर पूर्ण २३० व्होल्ट येतील आणि टर्नटेबलची धातूची भुजा हातात घेणाऱ्या माणसाला ते लागतील. त्यामुळे दिवाळीपर्यंत न थांबता ही तपासणी याच आठवड्यात करावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

उत्तर २ : तबकडीप्रेमी, पुणे

विद्युतमित्र यांनी मूळ कारण बरोबर पकडले आहे असे मलाही वाटते. मी विद्युत क्षेत्रातला नाही. मात्र अनेक वर्षे तानपुऱ्यावर साथ करतो आणि रेकॉर्ड ऐकतो, म्हणून आपण लिहिलेल्या पंचमाच्या धक्क्यांविषयी चार ओळी लिहाव्याशा वाटल्या.

आपला वीजपुरवठा ५० हर्ट्झचा आहे आणि रेक्टिफायरमुळे त्याची दुप्पट, म्हणजे १०० हर्ट्झची घरघरही त्याबरोबर येते. पुरुष गायकांचा तानपुरा अनेकदा काळी एकमध्ये मिळवलेला असतो. तेव्हा त्याच्या जोडीच्या तारा सुमारे १३८.६ हर्ट्झवर, खर्ज ६९.३ वर आणि पंचमाची तार जवळजवळ १०४ हर्ट्झवर येते. १०० आणि १०४ या दोन स्वरांमध्ये दर सेकंदाला चार आंदोलने होतात. तानपुरा मिळवताना तार किंचित उतरलेली असली की जी लाट कानाला कळते, तीच ही लाट. आपल्याला जाणवणारे धक्के भास नाहीत, तिथे खरोखरच एक बेसूर पाचवी तार वाजते आहे.

टर्नटेबलवर हे अधिक का ऐकू येते, त्यालाही कारण आहे. रेकॉर्ड कोरताना खर्जाकडचा भाग दाबून कोरतात आणि वाजवताना अॅम्प्लिफायरचा फोनो विभाग, म्हणजे सुईचा क्षीण सिग्नल वाढवणारा भाग, तो पुन्हा उचलतो. सुईकडून येणारा सिग्नल पाच मिलिव्होल्टच्या आसपास असतो. हजार हर्ट्झला तो शंभर पट वाढवला जातो, तर ५० हर्ट्झला त्याहूनही सातपट अधिक, म्हणजे सुमारे सातशे पट. सीडीवर जे हमिंग लक्षातही येणार नाही, ते रेकॉर्डवर समोर येऊन बसते.

वायरिंगला हात लावण्यापूर्वी एक संध्याकाळ काढून दोष कोणत्या वाटेने येतो हे घरच्या घरी पाहता येईल. आवाज पूर्ण शून्यावर आणूनही हमिंग येत असेल तर ते आवाजाच्या बटणाच्या पुढच्या भागात आहे. मग प्रत्येक वेळी उपकरणे बंद करून, सबवूफरची सिग्नल केबल काढून पाहावे, मग टीव्हीची, आणि टीव्हीला येणारी केबलवाल्याची वायर तर आवर्जून काढून पाहावी. माझ्याकडे तीन वर्षे जे हमिंग होते ते त्या वायरीतून येत होते. तिची बाहेरची जाळी इमारतीच्या गच्चीवर कुठे तरी जमिनीशी जोडलेली होती आणि माझा अॅम्प्लिफायर घरातल्या अर्थिंगशी, त्यामुळे दोघांमधला फरक टीव्हीच्या मार्गे माझ्या स्पीकरमध्ये येत असे. केबल आणि सेट टॉप बॉक्स यांच्यामध्ये बोटाएवढा आयसोलेटर, म्हणजे जाळीची जोडणी तोडून सिग्नल तेवढा पुढे जाऊ देणारा भाग, लावला आणि त्या रात्री प्रथमच खोली शांत झाली. त्याआधी मी दोन वेळा केबल बदलल्या होत्या आणि एक फिल्टरही घेतला होता.

पंख्याचा रेग्युलेटरही पाहून घ्या. गोल फिरणारा, कुठेही थांबवता येणारा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर लहर कापून पंखा हळू करतो आणि त्याची चिरचिर अॅम्प्लिफायरमध्ये उतरते. कपॅसिटरवर चालणारा, टप्प्याटप्प्यांचा रेग्युलेटर लावला की ती थांबते. घरात इन्व्हर्टर असेल तर तो शुद्ध साइन लहर देणारा आहे ना हेही पाहावे, कारण चौकोनी लहरीवर अॅम्प्लिफायरचा ट्रान्सफॉर्मर स्वतःच गुरगुरतो आणि त्याला वायरिंगचा काही इलाज नाही.

एक उपाय मात्र कोणी सुचवला तरी करू नये, तो म्हणजे प्लगची अर्थिंगची पिन कापणे किंवा तिला चिकटपट्टी लावणे. हमिंग खरोखरच जाते, म्हणूनच तो उपाय इतका पसरला आहे.

उत्तर ३ : परवानाधारक ठेकेदार, कोल्हापूर

वरील दोन्ही उत्तरे वाचली. मी घरांचे आणि छोट्या सभागृहांचे वायरिंग करतो, त्यामुळे प्रत्यक्ष कामाच्या अंगाने लिहितो.

वेगळ्या खड्ड्याविषयी मला सर्वांत आधी सांगायचे आहे, कारण दुकानाच्या अंदाजपत्रकातील हाच भाग धोक्याचा आहे. आवारात खड्डा घेतला, त्यात अडीच मीटरचा पाइप किंवा तांब्याची प्लेट उतरवली, मीठ-कोळसा भरला आणि सगळे उत्तम जमले तरी त्या खड्ड्याचा जमिनीशी रोध काही ओहम राहतोच. तो ५ ओहम आहे आणि ट्रान्सफॉर्मरच्या बाजूचा १ ओहम आहे असे धरा. अॅम्प्लिफायरच्या आत फेजची तार पेटीला टेकली, तर २३० भागिले ६, म्हणजे ३८ अँपिअर प्रवाह वाहील. सोळा अँपिअरचा सी वर्गाचा एमसीबी, म्हणजे प्रवाह वाढला की आपोआप पडणारा स्विच, झटक्यात पडायला ८० ते १६० अँपिअर लागतात. ३८ अँपिअरवर तो तापून पडेल, पण त्याला कित्येक सेकंद लागतील, आणि तोवर आपल्या अॅम्प्लिफायरची पेटी १९० व्होल्टवर असेल. इमारतीच्या मुख्य अर्थिंगपासून तोडलेला वेगळा खड्डा म्हणजे ही परिस्थिती आपण पैसे देऊन विकत घेणे आहे. शिवाय एकाच घरात दोन वेगळ्या जमिनी आल्या की त्यांच्यामध्ये फरक राहणारच, आणि हमिंगचे मूळ तर तोच फरक आहे. एका बंगल्यात असाच खड्डा घेतलेला मी पाहिला आहे. वळवाच्या पहिल्याच पावसात जवळ वीज पडली आणि टीव्ही व अॅम्प्लिफायर यांना जोडणाऱ्या केबलच्या दोन्ही टोकांची पोर्ट जळाली, कारण टीव्ही एका जमिनीवर होता आणि अॅम्प्लिफायर दुसऱ्या. खड्डा घ्यायचाच असेल तर सोसायटीच्या संमतीने घ्यावा आणि तो मुख्य अर्थिंगला जाड पट्टीने जोडलेला असावा. मग तो सगळ्या इमारतीच्या कामाला येतो.

सहाच्या तारेबद्दल विद्युतमित्र यांनी हिशेब मांडलाच आहे. त्यात कामाची एक बाब घालतो. सहाची तार साध्या सॉकेटच्या खोबणीत नीट बसत नाही. मग वायरमन तिचे चार धागे कापतो, उरलेले कसेबसे कोंबतो आणि स्क्रू आवळतो. काही महिन्यांनी तो जोड सैल होतो आणि तापू लागतो. अडीचची तार पूर्ण पुरेशी आहे. चारची घेतली तरी हरकत नाही, किमतीचा फरक थोडा आहे आणि झिरी, म्हणजे तारेसाठी भिंतीत पाडायची खाच, एकदाच मारायची आहे. मात्र सॉकेट १६ अँपिअरची, चारची तार पोटात घेणारी निवडा. आयात केलेल्या सॉकेटची गरज नाही. बीआयएसचा शिक्का असलेले, आतली पितळी पट्टी घट्ट पकडणारे सॉकेट पुरे. प्लग घालताना आणि काढताना हाताला जोर लागला पाहिजे, ही माझी कसोटी आहे.

डीबीपासून दिवाणखान्याच्या त्या एका बोर्डापर्यंत फेज, न्यूट्रल आणि हिरवी तार अशा तिन्ही तारा अखंड, मध्ये एकही जोड न घेता ओढून घ्या आणि त्या लाइनवर फ्रिज, पंखा, दिवा काहीही टाकू नका. अॅम्प्लिफायर, टर्नटेबल, टीव्ही, सेट टॉप बॉक्स आणि सबवूफर हे सर्व याच एका बोर्डावर लागले पाहिजेत. सबवूफर लांब असेल तर त्याचे सॉकेट सोफ्यामागे द्या, पण त्याच्या तारा याच बोर्डावरून जाऊ द्या. स्वतंत्र लाइनचा खरा उपयोग हा आहे, तारेच्या जाडीत तो नाही. एमसीबी १६ अँपिअरचा सी वर्गाचा घ्या, कारण अॅम्प्लिफायरमधला मोठा टोरॉइडल (कड्याच्या आकाराचा) ट्रान्सफॉर्मर सुरू होताना जो झटका घेतो त्याने, कमी प्रवाहावरच झटक्यात पडणारा बी वर्गाचा एमसीबी उगाच पडतो. त्याच्या आधी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे प्रवाह जमिनीकडे गळू लागला की पुरवठा तोडणारा स्विच, हवाच. आरसीसीबीच्या पुढचा न्यूट्रल घरातल्या दुसऱ्या कोणत्याही न्यूट्रलमध्ये मिसळू देऊ नका, नाहीतर तो सारखा पडत राहील आणि कंटाळून कोणीतरी त्याला बगल देईल.

अॅल्युमिनियमची तार शिल्लक ठेवू नका. जिथे तिला तांब्याची तार नुसती पीळ देऊन जोडलेली असते, तिथे ओलाव्याने जोड काळा पडतो आणि रोध वाढत जातो. ठाण्याच्या दमट हवेत ते लवकर होते. आपल्या घरात मधल्या काळात अर्धवट बदल झाले आहेत, तेव्हा असे जोड निघणारच.

झिरी मारतानाच स्पीकर आणि सबवूफरच्या सिग्नलसाठी वेगळा पाइप टाकून ठेवा. तो विजेच्या पाइपापासून फूटभर अंतरावरून न्या आणि ओलांडायचाच झाला तर काटकोनात ओलांडा. भिंत बुजवण्यापूर्वी ५०० व्होल्टच्या मेगरने, म्हणजे तारेवरील आवरणाचा रोध मोजणाऱ्या यंत्राने, तपासणी करून घ्या आणि उघड्या झिऱ्यांचे, शेजारी मोजपट्टी धरून, फोटो काढून ठेवा. पुढे कोणी खिळा ठोकायला आला की त्या फोटोंची किंमत कळते.

खर्ज_पंचम, ठाणे

आपणा तिघांचे मनःपूर्वक आभार. विद्युतमित्र यांच्या विनंतीप्रमाणे मी थांबलो नाही. परवानाधारक वायरमन शनिवारी सकाळी आले आणि दुपारपर्यंत होते.

दिवाणखान्याच्या बोर्डावर इस्त्री लावून मोजले तेव्हा न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये मीटरने ०.०० दाखवले. त्यांनी दोनदा टोके घट्ट दाबून पाहिले, तरी तेच. सोफ्यामागच्या बोर्डावर मात्र इस्त्री लावल्यावर १.६ व्होल्ट आले. मग मुख्य स्विच पाडून पहिला बोर्ड उघडला. सॉकेटच्या न्यूट्रलपासून अर्थिंगच्या खोबणीपर्यंत काळ्या तारेचा बोटभर लांबीचा तुकडा होता आणि त्याचे प्लास्टिक एका बाजूने तपकिरी पडले होते. खरी हिरवी तार पेटीच्या मागच्या कोपऱ्यात होती, टोक कापलेले आणि वर चिकटपट्टी गुंडाळलेली. तो बोर्ड कोणी आणि कधी असा केला, हे आता कळण्याचा मार्ग नाही. माझी नऊ वर्षांची मुलगी त्या टर्नटेबलवर रेकॉर्ड लावते, हे त्या क्षणी आठवले आणि काही वेळ मला बोलता आले नाही.

स्वयंपाकघराच्या दारावरच्या जंक्शन पेटीत अॅल्युमिनियम आणि तांब्याच्या न्यूट्रलचा पीळ दिलेला जोडही निघाला, ठेकेदार साहेबांनी वर्णन केल्याप्रमाणेच काळा. फ्रिज आणि दिवाणखाना या दोघांचा न्यूट्रल त्याच जोडातून जात होता.

तुकडा काढून टाकला, हिरवी तार मीटर खोलीपर्यंत तपासून बोर्डाला जोडली आणि तो जोड तात्पुरता कनेक्टर घालून नीट केला. फ्रिज सुरू झाल्यावर हमिंग वाढणे त्याच वेळी थांबले. जे थोडे उरले होते ते तबकडीप्रेमी यांच्या सांगण्याप्रमाणे टीव्हीची केबल काढल्यावर गेले, तेव्हा आयसोलेटर मागवला आहे. आता कान स्पीकरला लावला तर फक्त पंख्याच्या रेग्युलेटरची बारीक चिरचिर ऐकू येते, आणि तो रेग्युलेटरही बदलतो आहे. रात्री फ्रिज सुरू असताना एक रेकॉर्ड लावली. पंचमाची तार छेडल्यानंतर तिचा नाद विरत जाताना शेवटपर्यंत सलग ऐकू आला.

दुकानाला नकार कळवला आहे. दिवाळीनंतर सर्व अॅल्युमिनियम काढून अडीचची तार, दिवाणखान्याच्या संचासाठी मात्र चारची अखंड लाइन, एकच बोर्ड, आरसीसीबी आणि सिग्नलचा वेगळा पाइप, असे काम ठरवले आहे. वेगळा खड्डा घेणार नाही. त्याऐवजी इमारतीच्या मुख्य अर्थिंगचा रोध मोजून घ्यावा, असे पत्र सोसायटीला दिले आहे, कारण जो तुकडा माझ्या बोर्डात निघाला तो इतर घरांतही असू शकतो.

एक शंका राहिली. टर्नटेबलमधून सिग्नलच्या केबलबरोबर एक बारीक सुटी तार येते. नव्या बोर्डात हिरवी तार चांगली मिळणार आहे, तर ती बारीक तार थेट बोर्डाच्या अर्थिंगला जोडावी का?

विद्युतमित्र, नाशिक

नाही. ती तार अॅम्प्लिफायरच्या मागे फोनोच्या जोडणीशेजारी जो छोटा स्क्रू असतो त्यालाच जोडावी आणि अन्यत्र कुठेही नेऊ नये. भुजेची आणि मोटरच्या पेटीची धातू अॅम्प्लिफायरच्या पातळीवर आणणे एवढेच तिचे काम आहे. अॅम्प्लिफायर त्याच्या प्लगमधून अर्थिंगला जोडलेला आहेच. बारीक तार बोर्डाला नेली तर जमिनीकडे जाणारी दुसरी वाट तयार होईल आणि घालवलेले हमिंग परत येईल. स्क्रूखालील टोक काळे पडले असेल तर बारीक सँडपेपरने घासून मगच आवळावे.

सोसायटीला पत्र दिलेत हे फार चांगले केले. मोजणी कोरड्या दिवसांत, एप्रिल-मेमध्ये करावी असे त्यांना कळवा. पावसाळ्यानंतर ओल्या मातीत रोध कमी भरतो आणि अर्थिंग आहे त्यापेक्षा चांगले दिसते.

परवानाधारक ठेकेदार, कोल्हापूर

मोजणीच्या वेळी प्रत्येक घरातील एका तरी बोर्डावर इस्त्री लावून न्यूट्रल-अर्थिंग तपासायला सांगा. एका घराला पाच मिनिटेही लागत नाहीत. ज्या घरात शून्य येईल तिथले बोर्ड त्याच दिवशी उघडून घ्यावेत.